पीतबिंदूचा ऱ्हास: आईला झालाय, आम्हा भावंडांना धोका किती?

माणदेशी_मास्तर:
नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, साताऱ्याकडे गावी असते. दिवाळीनंतर तिला दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसायला लागली. पोथी वाचताना ओळीतली मधलीच अक्षरं गायब. गावात सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवून टाकला होता. पुण्यात डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढला. वयोमानानं होणारा पीतबिंदूचा ऱ्हास निघाला, ज्याला सगळे एएमडी म्हणतात. उजव्या डोळ्यात ओला प्रकार, डाव्यात कोरडा, मधल्या टप्प्याचा. उजव्यात इंजेक्शनं सुरू केलीत. डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर एवढी गर्दी की 'हे कशामुळे झालं' एवढं विचारायलाही सवड मिळाली नाही.

घरची माहिती: आईला साखर नाही. बीपीची गोळी बऱ्याच वर्षांपासून. तिच्या वडिलांना म्हातारपणी 'दिसत नव्हतं', पण कशामुळे ते आता सांगणारं कुणी उरलं नाही. आमचे वडील विडी ओढायचे, घरातच. आई स्वतः मशेरी लावते, आजही. जन्म सगळा शेतात, उन्हात गेला. आम्ही तिघं भावंडं, पंचेचाळिशी ते बावन्नच्या दरम्यान. धाकटा सिगारेट ओढतो.

नातेवाईक रोज एक नवं कारण सांगतात. टीव्ही, मोबाईल, ऊन, कंदिलाच्या उजेडात केलेलं शिवणकाम, एका मामांनी तर तिखटावर खापर फोडलं. यातलं खरं काय आणि आम्ही तिघांनी काय करायचं?

खिडकीतली_आजी:
मलाही आहे, कोरडा, दोन्ही डोळ्यांत. वय ७९. एवढंच सांगते की याने आंधळं ठार होत नाही माणूस. कडेचं दिसत राहतं. घरात मी सगळीकडे फिरते, फक्त समोर आलेल्याचा चेहरा कळत नाही, आवाजावरून ओळखते. आईंना धीर द्या.

पडद्यामागचा:
मास्तर, मी याच कामात आहे, पण इथे कुणाच्या डोळ्याचं निदान करत नाही. आईंच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. कारणांबद्दल मात्र बोलू.

पीतबिंदू म्हणजे पडद्याच्या मध्यावरचा जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं सगळं त्याच्या जिवावर. त्याच्या खाली पेशींचा एक पातळ थर असतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपली झिजलेली टोकं रोज टाकत असतात आणि हा थर ती उचलून नेतो. वय वाढलं की ही कचरागाडी वेळेवर येईनाशी होते. साठलेला माल पिवळसर ठिपक्यांच्या रूपात दिसतो, ते ड्रुसेन. बारीक ड्रुसेन पन्नाशीनंतर खूप जणांच्या डोळ्यांत असतात, त्यांनी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. १२५ मायक्रॉन आणि त्याहून मोठे दिसले की आम्ही सावध होतो. पुढे एकतर तो थर हळूहळू मरत जातो, हा कोरडा प्रकार. नाहीतर खालून नव्या, गळक्या रक्तवाहिन्या वर घुसतात, तो ओला. दहातले साधारण नऊ रुग्ण कोरड्याचे असतात, पण आठवड्यांत नजर घालवू शकतो तो ओला.

आता मामांचं तिखट बाजूला ठेवू. सर्वांत मोठं कारण वय, त्याला इलाज नाही. दुसरं रक्ताचं नातं. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत आजार असेल तर धोका साधारण दुप्पट ते चौपट धरतात. २००५ साली पहिल्या गुणसूत्रावरच्या सीएफएच या जनुकातला एक बदल सापडला. शरीराची कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षणयंत्रणा आहे, तिला हे जनुक लगाम घालतं. लगाम ढिला पडला की पडद्याखाली बारीक दाह धुमसत राहतो. दुसरी महत्त्वाची जागा दहाव्या गुणसूत्रावर मिळाली. २०१६ पर्यंत अशा ३४ जागा हाती लागल्या. त्यामुळे आईकडून एक खराब जनुक आलं म्हणजे आजार ठरलेलाच, असा सरळ हिशेब इथे नाही.

तिसरं कारण तंबाखूचा धूर, आणि माझ्या लेखी तुमच्या सगळ्या पोस्टमधलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य 'धाकटा सिगारेट ओढतो' हे आहे. ओढणाऱ्यांना धोका दुप्पट ते चौपट. आमच्या विषयात बहुतेक मुद्द्यांवर वाद आहेत, यावर नाहीत. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, आपल्याकडे आंध्र, जिथे पाहिलं तिथे हे निघालं. आंध्रात तर चिरूट जास्त ओढणाऱ्यांत प्रमाण ठळक होतं. घरात दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांतही धोका वाढलेला आढळलाय, त्यामुळे वडिलांची विडी या यादीत येते.

बीपी, वजन, बसून काढलेलं आयुष्य, पालेभाज्या आणि मासे नसलेलं जेवण, यांचाही संबंध दिसतो, पण तो सिगारेटइतका थेट नाही. टीव्ही, मोबाईल, कमी उजेडातलं शिवण, यांना निर्दोष सोडायला हरकत नाही.

सडेतोड_नागपूर:
डॉक्टर, आमचे आबाजी ८८ चे आहेत. बारा वर्षांचे होते तेव्हापासून विडी. आजबी चष्म्याशिवाय पेपर वाचतेत. मग हे दुप्पट-चौपट कुठल्या हिशेबानं?

पडद्यामागचा:
आबाजींना नमस्कार सांगा. हिशेब असा. भारतात उत्तरेत आणि दक्षिणेत ६० वर्षांवरच्या लोकांची एक मोठी पाहणी झाली होती, इंडआय नावाची, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नजर घालवणारा पुढच्या टप्प्याचा एएमडी साधारण १.२ टक्के लोकांत होता. म्हणजे शंभरात एक-दोन. त्याची चौपट केली तरी शंभरातले नव्वदच्या वर लोक सुटणारच, आबाजी त्यांच्यातले. पण देशात साठी ओलांडलेले लोक किती ते बघा, आणि मग त्या एका टक्क्याचा आकडा करा. शिवाय विडीनं आबाजींच्या फुप्फुसांचं काय केलं ते तुम्ही लिहिलेलं नाही.

सडेतोड_नागपूर:
खोकतात भरपूर. पटलं अर्धं.

चौकट_राजा:
अर्धं पटलं म्हणजे नागपूरकडून सोनं मिळालं असं समजा.

मिलवॉकीची_मनीषा:
मास्तर, गोळ्यांबद्दल कुणी लिहिण्याआधी मी लिहिते, कारण माझ्या बाबांच्या वेळी आम्ही यात भरपूर वाचन केलंय आणि भारतात गेल्यावर दुकानांत जे विकलं जातं ते बघून चक्रावलेय.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेनं दोन मोठे अभ्यास केले. पहिल्याचे, एरेड्सचे, निष्कर्ष २००१ ला आले. क आणि ई जीवनसत्त्व, बीटाकॅरोटीन, जस्त आणि तांबं, हे सगळं मोठ्या मात्रेत. ज्यांना आधीच मधल्या टप्प्याचा आजार आहे किंवा एका डोळ्यात पुढचा टप्पा आहे, त्यांचा पुढे जाण्याचा धोका पाच वर्षांत साधारण पाव हिश्शानं कमी झाला. आजार बरा झाला नाही, गेलेली नजर परत आली नाही. आणि ज्यांना आजारच नाही किंवा अगदी सुरुवातीचा आहे, त्यांना फायदा दिसला नाही.

दुसरा अभ्यास २०१३ चा. त्यात बीटाकॅरोटीन काढून ल्यूटीन १० मिलिग्रॅम आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम घातलं. कारण बीटाकॅरोटीन घेणाऱ्यांत, मुख्यतः जे कधीकाळी सिगारेट ओढत होते त्यांच्यात, फुप्फुसाचा कॅन्सर जास्त निघाला. २०२२ मध्ये दहा वर्षांचा आढावा आला, त्यातही तेच. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल जोडून बघितल्या, त्यांनी काही जादा पदरात पडलं नाही.

म्हणून तुमच्या धाकट्या भावाला कुणी 'डोळ्यांची ताकद' म्हणून बीटाकॅरोटीनची बाटली आणून दिली, तर ती आधी परत करा.

दादरचा_दिगू:
आमच्या जवळच्या चष्म्याच्या दुकानात माझ्या ३१ वर्षांच्या मुलीला 'स्क्रीनवर काम करता ना, मग मॅक्युला (म्हणजे पीतबिंदूच) जपा' म्हणून ल्यूटीनचा तीन महिन्यांचा कोर्स आणि निळा प्रकाश अडवणारा चष्मा दोन्ही गळ्यात मारले. बिल ऐकून माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. आता यातलं काय परत करू?

पडद्यामागचा:
दिगूकाका, दुकानदार घेत असेल तर दोन्ही. स्क्रीनमधून येणारा निळा प्रकाश दिवसाच्या उजेडापुढे नगण्य असतो आणि त्यानं पीतबिंदू खराब होतो याला पुरावा नाही. मुलीचे डोळे कोरडे पडत असतील तर कारण वेगळं आहे, स्क्रीनकडे बघताना माणूस पापण्या कमी मिटतो. ल्यूटीन हवंच असेल तर पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा बलक. बाजारातून आणा, स्वस्त पडेल.

सुगरण_सांगली:
शेवग्याचा पाला म्हटल्यावर राहवलं नाही. कोवळा पाला, मुगाची डाळ भिजवून, लसणाची फोडणी, वरून ओलं खोबरं. थोडं तेल हवंच, कोरडी करू नका.

पडद्यामागचा:
तेलाचा मुद्दा बरोबर आहे ताई. ल्यूटीन तेलात विरघळतं, कोरड्या भाजीतून कमी मिळतं.

मांडवीकाठ:
उन्हाबद्दल विचारतो. आमचे पप्पा आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर. डोकीवर टोपी कधी नाही, गॉगल तर सिनेमातल्या लोकांनी घालायचा. आता वय ७० आणि पडद्यावर ड्रुसेन आहेत म्हणून सांगितलं. पणजीतले डॉक्टर म्हणाले उन्हाचं नक्की सांगता येत नाही. नक्की का सांगता येत नाही?

पडद्यामागचा:
तुमच्या पप्पांसारख्याच लोकांवर अभ्यास झालाय म्हणून उत्तर लांब देतो. अमेरिकेत मेरीलँडजवळ चेसापीकची खाडी आहे, तिथल्या खेकडे-मासे पकडणाऱ्यांची तपासणी झाली. पुढच्या टप्प्याचा आजार असलेल्यांनी आधीच्या २० वर्षांत इतरांपेक्षा जास्त निळा आणि दृश्य प्रकाश घेतलेला निघाला. पण असे रुग्ण अगदी मोजके होते. नंतर इतर ठिकाणी काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत नाही. अडचण उघड आहे. ७० वर्षांच्या माणसाला तू पंचविशीत उन्हात किती तास होतास, टोपी कशी होती, हे विचारून मिळालेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा? सिगारेटचं तसं नाही, रोज किती पाकिटं हे माणसाला पक्कं आठवतं.

पप्पांना रुंद काठाची टोपी आणि साधा अतिनील किरण अडवणारा गॉगल द्या. मोतीबिंदू आणि डोळ्यावर वाढणारं मांस यांसाठी तरी त्याचा उपयोग आहेच. पण ऊन टाळलं म्हणून सिगारेट माफ, असा सौदा नको.

मांडवीकाठ:
देव बरें करूं. पप्पा ओढत नाहीत. टोपी घालतील, गॉगलची खात्री देत नाही.

कॅलेंडर_काकू:
यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय आणि त्यांना कोरडा एएमडी आहे. शेजारचे म्हणतात ऑपरेशननंतर पडद्याचा आजार बळावतो. रद्द करू का?

पडद्यामागचा:
शेजाऱ्यांचं अगदीच हवेतलं नाही. आंध्रातल्या पाहणीत ऑपरेशन झालेल्यांमध्ये एएमडी जास्त सापडला होता. पण दोन्ही आजार म्हातारपणाचे, एकाच माणसाला दोन्ही असणार. शिवाय भिंग ढगाळ असताना पडदा नीट दिसतच नाही, ऑपरेशन झाल्यावर आजार 'दिसायला' लागतो आणि ऑपरेशनवर आळ येतो. पुढे एरेड्समधल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला, त्यात ऑपरेशननं आजार वाढल्याचं स्पष्ट दिसलं नाही. ऑपरेशनआधी ओसीटी मात्र करून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, मोतीबिंदू काढल्यावर किती सुधारणा अपेक्षित आहे. पडदा कमजोर असेल तर अपेक्षा आधीच मापात ठेवलेली बरी.

आकडेमोड_३८:
धाग्याशी थोडं वेगळं, पण मधल्याच नजरेचं. वय ३८, बँकेत आहे. मार्च अखेरीस डाव्या डोळ्यासमोर मधोमध एक करडा गोल आला, रेषा वाकड्या. मला वाटलं ३८ व्या वर्षी एएमडी. डॉक्टरांनी सीएसआर सांगितलं, पडद्याखाली पाणी साठलंय म्हणाले, आणि बाकी सगळं सोडून 'कुठलं स्टेरॉइड घेता का' हेच फिरवून फिरवून विचारत होते. मी नाही म्हटलं. एवढं का विचारतात?

पडद्यामागचा:
हा पूर्णपणे वेगळा आजार आहे, पण इथे लिहिलंत ते बरं झालं, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. सीएसआर बहुतेक तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांत होतो. ताण, अपुरी झोप, झोपेत श्वास अडकणं यांचा संबंध सांगितला जातो, बायकांत गरोदरपणात दिसतो. पण सर्वांत पक्का धागा स्टेरॉइडचा आहे, आणि ते फक्त गोळीतून येत नाही. दम्याचा पंप, नाकाचा स्प्रे, सांध्यातलं इंजेक्शन, त्वचेवर चोळायचं मलम, सगळं मोजायचं. गोरं करणाऱ्या किंवा गजकर्णाच्या कितीतरी मलमांत स्टेरॉइड असतं आणि ती चिठ्ठीशिवाय मिळतात. गुडघेदुखीवर, दम्यावर बिननावाच्या पुड्या देणारे असतात, त्यात काय कुटलंय ते घेणाऱ्याला माहीत नसतं. जिमच्या डब्यांचंही तेच. घरी जाऊन कपाट उघडा आणि प्रत्येक ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा.

बहुतेकांचं पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. मात्र काही गंभीर आजारासाठी कुणी स्टेरॉइडवर असेल तर ते मनानं एकदम बंद करायचं नाही, त्यानं जिवावर बेतू शकतं.

आकडेमोड_३८:
कपाट उघडलं. मानेवरच्या खाजेसाठी लावतो त्या मलमात क्लोबेटासोल लिहिलंय, म्हणजे स्टेरॉइडच. दोन वर्षं चालू आहे, केमिस्टनं दिलं होतं. उद्या डॉक्टरांना ट्यूबच नेऊन दाखवतो.

चौकट_राजा:
हा एक प्रतिसाद छापून प्रत्येक केमिस्टच्या काउंटरवर चिकटवला पाहिजे.

गोदाकाठ:
माझ्या सासूबाईंना पाच-सहा वर्षांपूर्वी एएमडीचं निदान झालं. हल्ली त्यांना संध्याकाळी खोलीत लहान मुलं बसलेली दिसतात, कधी भिंतीवर वेलबुट्टी. बोलतात शुद्धीवर, म्हणतात 'मला माहितेय तिथे कुणी नाही'. घरात अंगारे-धुपारे सुरू झालेत. कुणी सांगेल का?

पडद्यामागचा:
अंगारे थांबवा. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. बॉने या स्विस निसर्गअभ्यासकानं १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांचं असंच वर्णन लिहून ठेवलंय, त्यांची नजर मोतीबिंदूनं गेली होती. डोळ्याकडून माहिती येणं कमी झालं की मेंदू आपल्याकडची चित्रं काढून दाखवतो. 'तिथे कुणी नाही' हे त्यांना कळतंय ही चांगली खूण. तरी त्यांच्या डॉक्टरांना एकदा सांगा. खोलीत दिवा लवकर लावा, अंधुक उजेडात हे जास्त होतं.

गोदाकाठ:
सासूबाईंना वाचून दाखवलं. 'म्हणजे मी वेडी नाही ना' म्हणाल्या आणि दोन वेळा वाचायला लावलं.

माणदेशी_मास्तर:
मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. राहिलेले तीन प्रश्न. आईच्या मशेरीचं काय? तिला हृदयाच्या डॉक्टरांनी रोज ॲस्पिरिन दिलंय, त्याबद्दल कुठेतरी उलटसुलट वाचलं. आणि आम्ही तिघांनी तपासणी कधी, कशी करायची?

पडद्यामागचा:
मशेरी: चघळायच्या आणि दात घासायच्या तंबाखूबद्दल डोळ्यांच्या बाबतीतला पुरावा धुराइतका भक्कम नाही. तोंडाच्या कॅन्सरबद्दल मात्र भक्कम आहे, तेवढं कारण पुरे. ॲस्पिरिन: काही अभ्यासांत संबंध दिसला म्हणून गाजावाजा झाला, पुढे मोठ्या चाचणीत ॲस्पिरिननं एएमडी होतो असं निघालं नाही. हृदयासाठी दिलेली गोळी डोळ्याच्या भीतीनं बंद करू नका.

तुम्ही तिघं: पन्नाशी ओलांडलेल्यांनी आत्ता एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, धाकट्यानं सिगारेटमुळे पन्नाशीची वाट पाहू नये. नुसता चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही. पुढची तपासणी किती दिवसांनी हे ड्रुसेन आहेत की नाहीत यावर. आणि सिगारेट सोडल्याचा फायदा डोळ्यालाही होतो. सोडून २० वर्षं झालेल्यांचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास येतो. भाऊ आज ४५ चा असेल तर पासष्टीला, म्हणजे नेमका जेव्हा हा आजार दार ठोठावतो तेव्हा, तो त्या गटात असेल.

आईंसाठी सर्वांत महत्त्वाचं डावा डोळा. एका डोळ्यात ओला झाला की दुसऱ्यात होण्याची शक्यता वाढते. ॲम्स्लरचा चौकटींचा तक्ता मिळतो, मध्ये काळा ठिपका असतो. वाचायचा चष्मा लावून, हातभर नाही, फूटभर अंतरावर धरायचा, एक डोळा हातानं झाकून ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा खराब डोळ्याचं झाकून घेतो आणि काही कळत नाही. डाव्या डोळ्यानं रेषा वाकल्या किंवा चौकट गायब झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात दवाखाना. इंजेक्शन चुकवू नका, 'आता बरं दिसतंय' म्हणून थांबवणारे लोक मी फार पाहतो.

मिलवॉकीची_मनीषा:
आणि डाव्या डोळ्यासाठी त्या एरेड्सवाल्या गोळ्यांचं डॉक्टरांना जरूर विचारा. आई बसतात त्या गटात, मधला टप्पा आणि दुसऱ्या डोळ्यात पुढचा.

माणदेशी_मास्तर:
विचारतो. धाकट्याला धाग्याचा दुवा पाठवलाय. 'वाचतो' म्हणालाय, बाकी काही नाही. त्याचंच एक म्हणणं होतं की आपण तिघांची जनुकांची चाचणी करून घेऊ, थुंकी पाठवायची असते ती, म्हणजे कुणाला होणार ते कळेल.

पडद्यामागचा:
नको. जनुकं कळली तरी आज उपचार किंवा सल्ला बदलत नाही, म्हणून नेत्रतज्ज्ञांच्या संघटनाही सरसकट ही चाचणी करू नका असंच सांगतात. धोक्याची निघाली तर काय सांगणार, सिगारेट सोड. चांगली निघाली तर काय सांगणार, तरीही सिगारेट सोड.

माणदेशी_मास्तर:
हे वाक्य तसंच्या तसं त्याला पाठवलंय. दोन निळ्या खुणा आल्यात.